सेराफिनाची काथवट

सेराफिना आणि तिल्दा नऊ वर्षं एकाच चुलाणावर रांधत होत्या आणि नऊ वर्षांत एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

आमच्या आमुरीत हे दिसतं तितकं सोपं नाही. टाम्पेरे शहरातल्या कापडगिरणीत काम करणारी निम्मी माणसं आमुरीत राहत आणि आमुरीतलं एकूण एक घर सारखं: लाकडी, बैठं, चार खोल्यांत चार बिऱ्हाडं आणि चौघांत मिळून एक स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात भलंमोठं विटांचं चुलाण, त्याला चार तोंडं. ज्याचं तोंड त्याचं. ज्याची फळी त्याची, ज्याची खुंटी त्याची. चार कोपऱ्यांत चार बाकं आणि प्रत्येक बाकाखाली त्या त्या बाईची पीठ आंबवायची लाकडी काथवट. इतकं सगळं वाटून घेतल्यावर भांडायला काही उरू नये, पण माणसं हुशार असतात, काहीतरी शोधतातच.

सेराफिनाचं तोंड आणि तिल्दाचं तोंड शेजारी शेजारी होतं. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी दोघी कॉफी ठेवायला यायच्या, तेव्हा कोपराला कोपर लागायचं. मधे निरोप न्यायला इमानुएल शिंपी होता. सगळे त्याला मनू म्हणत. एका पायाने अधू, बिनलग्नाचा, चौथ्या खोलीत एकटा राहायचा आणि उजेड बरा म्हणून दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत शिवायला बसायचा.

"मनू, कोणाला तरी सांग, दूध उतू चाललंय," सेराफिना समोरच्या भिंतीकडे बघत म्हणायची.

"तिल्दाबाई, कोणीतरी म्हणतंय दूध उतू चाललंय," मनू तोंडातली सुई न काढता म्हणायचा.

"त्या कोणाला तरी म्हणावं, मला डोळे आहेत."

"फिनाबाई, त्यांना डोळे आहेत."

तोवर दूध चुलाणावर सांडलेलं असायचं. मग मनू म्हणायचा, "पोस्टखात्याला एक कप कॉफी मिळाली तर टपाल वेळेवर पोचेल," आणि तिसऱ्या खोलीतली हेता, जिला पाच पोरं होती आणि असल्या भांडणांना वेळ नव्हता, ती त्याच्या कपात ओतायची.

सेराफिना त्रेपन्न वर्षांची होती. हाडापेराने मोठी, चालली की फळ्या वाजायच्या, आणि आवाज असा की कुजबुजली तरी अंगणात ऐकू जाई. साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांवर, काम करणाऱ्या सगळ्याच बायकांचा आवाज तसा होतो. शेकडो साचे धडधडत असताना बोलायची सवय लागली की घरी आल्यावर तो खाली आणता येत नाही. छत्तीस वर्षं तिने चार साचे सांभाळले होते. धोटा कुठे अडकणार हे तिला तो अडकायच्या आधी कळायचं. मुकादम तिला वचकून असायचा. नवी पोर कामाला आली की सेराफिना तिला दोन दिवस शिव्या घालायची आणि तिसऱ्या दिवशी आपल्या डब्यातला अर्धा रोट द्यायची. त्या रोटासाठी शिव्या खायला कोणाची ना नसे.

कारण सेराफिनाचा रोट म्हणजे काही औरच होता. राय धान्याच्या काळ्या पिठाचे, मधे भोक असलेले आंबट रोट आमुरीत घरोघरी होत आणि आढ्याजवळच्या दांडीवर ओवून ठेवले जात. पण सेराफिनाच्या रोटाचा आंबटपणा जिभेवर आधी टोचायचा, मग गोडसर व्हायचा आणि गिळल्यावर शेवटी पुन्हा किंचित परत यायचा. याचं श्रेय ती स्वतःकडे घ्यायची नाही. तसा तिचा स्वभाव नम्र होता असं कोणी म्हणणार नाही, पण या एका बाबतीत ती खरं बोलायची. "मी काय करते? पीठ आणि पाणी. बाकी सगळं काथवट करते."

ती काथवट तिने पाठीवर बांधून आणली होती. सतराव्या वर्षी ओरिवेसीच्या बाजूच्या खेड्यातून गिरणीत नाव लावायला निघाली तेव्हा आईने द्यायला दुसरं काही नव्हतं म्हणून घरातली धाकटी काथवट दिली. दोन दिवसांची चाल. निघताना आई म्हणाली, "बाजारात पीठ मिळेल, नदीत पाणी मिळेल, हे मिळणार नाही. हिला धुवायची नाही. नुसती खरवडायची. तो थर सुकू द्यायचा, पुढच्या वेळी कोमट पाणी घातलंस की तो जागा होतो." आई त्याच हिवाळ्यात गेली. बर्फामुळे सेराफिनाला मातीलाही जाता आलं नाही. आईच्या हातचं म्हणून तिच्यापाशी जे काही उरलं ते काथवटीच्या फळ्यांना चिकटलेलं तेवढं विरजण. आईला तिच्या आईने दिलेलं, तिला तिच्या आईने.

तिल्दा या घरात सोळा वर्षांपूर्वी नवी नवरी म्हणून आली. बारीक चणीची, कमी बोलणारी, समुद्राकडची. तिच्या माहेरचं विरजण वाटेत बुरशीने गेलं होतं, म्हणून ती कोपऱ्यात बसून मुसमुसत होती. सेराफिनाने न विचारता आपल्या काथवटीतला एक मूठ गोळा काढला आणि तिच्या काथवटीत थापला. "रडतेस काय! घे. आणि धुऊ नकोस." तेव्हापासून दोघींचं गूळपीठ जमलं. तिल्दाला मूलबाळ झालं नाही. सेराफिनाची दोन, थोरला याल्मारी आणि धाकटी ऐनो. सेराफिना साच्यांवर असली की ऐनो तिल्दाकडे. शनिवारी चुलाणातल्या भट्टीतून रोट निघाले की ती पोर बरोब्बर दोघींच्या मधे येऊन उभी राहायची आणि पहिल्या रोटाची कड मागायची. एकीने मोडून दिली की दुसरीकडे हात पसरायची. दोघी म्हणायच्या, "ही पोर दोन घरची सून होणार."

ऐनो सातव्या वर्षी तापाने गेली. त्याच हिवाळ्यात लाकडांचं भांडण झालं.

अंगणातल्या कोठारात प्रत्येक बिऱ्हाडाचा लाकडांचा ढीग वेगळा. सेराफिनाचा ढीग दर आठवड्याला ओंजळ ओंजळ नव्हे, चांगला कवळभर कमी व्हायचा. ऐन थंडीत बर्च झाडाची सुकी लाकडं म्हणजे काय हे सांगायला नको. तिल्दाचा ढीग शेजारी, आणि तो काही कमी होत नव्हता. एक दिवस सेराफिनाने चौघांच्या स्वयंपाकघरात, हेता आणि मनूदेखत, साचेखात्यातल्या आवाजात तिल्दाला चोर म्हटलं. नुसतं चोर म्हणून थांबली नाही. ज्यांना स्वतःचं काही नसतं त्यांची नजर दुसऱ्याच्या घरावर असते, असंही म्हणाली. तिल्दाने आपली कॉफी उचलली आणि खोलीत गेली. झालं, त्या दिवसापासून तोंडाला कुलूप.

आता यातली खरी गोष्ट अशी, आणि ती सेराफिनाला ठाऊक होती. तिचा नवरा कुस्ता गिरणीत गाडीवान होता. भला माणूस, पण घोट घेतल्याशिवाय त्याला शनिवार साजरा करता येत नसे. सहा वर्षांपूर्वी तो वारला. माती झाल्यावर कॉफीला आलेली न्हाणीवाली, म्हणजे कोपऱ्यावरची वाफेची न्हाणी चालवणारी बाई, रुमालाने डोळे पुसत म्हणाली, "फार मोठ्या मनाचा हो तुमचा कुस्ता. पोर गेली त्या हिवाळाभर दर शनिवारी न्हाणीला कवळभर बर्चची लाकडं आणून टाकायचा. मी आपली त्याला घरची बियर द्यायची."

सेराफिनाच्या हातात बशी होती. ती तिने खाली ठेवली नाही, सांडलीही नाही. लोकांना वाटलं बाई दुःखाने गप्प झाली. दुःख होतंच, पण त्याहून जास्त लाज होती. त्या संध्याकाळी तिने ठरवलं की उद्या तिल्दाला सांगायचं. उद्या भोंगा झाला, साचे होते, मग रविवार आला, मग याल्मारी आजारी पडला. उद्याचं परवा करता करता सहा वर्षं गेली. एखादं वाक्य वेळेवर बोललं नाही की ते जड होत जातं, आणि सेराफिनासारख्या मोठ्या आवाजाच्या बाईलाही मग ते उचलत नाही.

या वसंतात याल्मारीचं लग्न झालं आणि लेम्पी घरात आली.

लेम्पी वीस वर्षांची, गिरणीतच वाढलेली. आई पिंजणखात्यात होती, लवकर वारली. पोर कोणाकोणाच्या खोलीत पथारी टाकून मोठी झाली आणि दुकानातला पाव खाऊन. कामाला वाघीण. सासूला खूश करायचं तर काय करू आणि काय नको, असं तिला झालेलं. सेराफिना तिला पहिले दोन दिवस ठरल्याप्रमाणे बोलली. तिसऱ्या दिवशी रोट दिला आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात तुला पीठ मळायला शिकवते." पण कसं मळायचं ते सांगायचं राहिलं, आणि काय करायचं नाही ते तर सांगायची गरज कोणाला वाटेल? पोळीला तवा लागतो हे सुनेला कोण सांगतं!

जूनमधला मोठा सण आला. या सणाला दाराशी बर्चच्या कोवळ्या फांद्या उभ्या करतात आणि त्याआधी घर असं घासतात की जुन्या फळ्या ओळखू येऊ नयेत. आमुरीतल्या झाडून सगळ्या बायका सतरंज्या गाडीवर लादून नदीवर जातात. गिरण्यांचं पाणी जिथे पुन्हा शांत होतं तिथे धुण्याचे तराफे बांधलेले आहेत. गुडघ्यावर बसून सतरंज्या घासायच्या, नदीत खळबळून काढायच्या, कुंपणावर टाकायच्या. त्या दिवशी लेम्पीची सुट्टी होती आणि सेराफिना साच्यांवर होती. लेम्पीने सतरंज्या घेतल्या, बाकं घेतली, पाट घेतले. आणि बाकाखालून ती काथवट निघाली. आत करड्या पिठाचे पापुद्रे, कडांना थरावर थर, आंबूस वास. पोरीला बिचारीला वाटलं, आईंचं वय झालं, वाकवत नाही, म्हणून एवढी घाण साचली. तिने काथवट गाडीवर सगळ्यात वर ठेवली.

ओल्या वाळूने घासली, राखेच्या पाण्याने घासली, पुन्हा वाळूने घासली. बोटांची सालं निघाली. छत्तीस वर्षांचं, आणि त्यामागच्या आईचं आणि आजीचं, सगळं नदीत गेलं. मग उन्हात पालथी घातली. संध्याकाळी सेराफिना घरी आली तेव्हा काथवट तिच्या बाकावर मधोमध ठेवली होती, आत एक रानफुलांची जुडी.

"आई, बघा तरी कशी निघालीय," लेम्पी म्हणाली. "नव्यासारखी."

सेराफिनाने जुडी बाजूला काढली. आतून हात फिरवला. नाक घातलं. नुसत्या लाकडाचा आणि नदीचा वास. खिडकीतल्या मनूची सुई थांबली. हेताने कपाळाला हात लावला. आता आढं कोसळणार म्हणून तिने धाकट्याला उचलून घेतलं.

आढं कोसळलं नाही. सेराफिना बाकावर बसली, काथवट मांडीवर घेतली आणि म्हणाली, "फार स्वच्छ निघाली गं." एवढंच. तो आवाज त्या घरात कोणी कधी ऐकला नव्हता, कारण तो खरोखरच हळू होता.

लेम्पीला काय झालं ते हेताने अंगणात नेऊन सांगितलं. पोर लाकडांच्या कोठारात जाऊन इतकी रडली की याल्मारीला तिला उचलून आणावं लागलं. "मला माहेरी पाठवा," ती म्हणत होती. माहेर नव्हतंच तिला. सेराफिना म्हणाली, "उगी. मी सांगितलं नाही, चूक माझी. जा, तोंड धू." मग स्वतः खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आईचं मेलेलं तोंड तिला बघायला मिळालं नव्हतं. ते आज बघितलं असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मनूने तोंड उघडलं. "फिनाबाई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"रागावणार. बोल."

"तुमच्या आईचं विरजण गेलेलं नाही. ते या स्वयंपाकघरातच आहे. इथून चार पावलांवर, त्या बाकाखाली." त्याने सुईने तिल्दाचा कोपरा दाखवला. "सोळा वर्षांपूर्वी तुम्हीच थापलंत. मी तेव्हाही इथेच बसलो होतो."

हे सेराफिनाच्या मनात आलं नव्हतं असं थोडंच आहे! रात्रभर तेच तर आलं होतं. "त्यापेक्षा मी दुकानातला पाव खाईन," ती म्हणाली.

"पाव खाल हो. पचायला पाहिजे."

"मनू, तू पाटलोणी शिव."

हेताने आपलं विरजण मोकळ्या हाताने दिलं. सेराफिनाने ते घेतलं, दोन दिवस ठेवलं, मळलं, भाजलं. रोट झकास फुगले. याल्मारीने तुकडा खाल्ला आणि म्हणाला, "चांगला आहे." आईला दुखवायचं नाही म्हणून त्याने तीनदा सांगितलं, म्हणूनच कळलं की तो तसा नाही. लेम्पीने तुकडा हातात धरला आणि तिला गिळवेना. सेराफिनाने चावला, वाट बघितली. पहिल्यांदा टोचणं होतं. गोडसर होणं होतं. गिळल्यावर मागे काही आलं नाही. तिने उरलेला तुकडा फडक्यात घेतला आणि अंगणातल्या चिमण्यांना टाकला.

लेम्पीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तिला या घरातली भांडणं माहीत नव्हती आणि माहीत करून घ्यायचीही नव्हती. ती सरळ उठून तिल्दाच्या दारात गेली. "तिल्दाकाकू, माझ्या हातून झालंय. मूठभर विरजण द्या. मी तुमचं पाणी भरीन, वर्षभर सतरंज्या धुईन."

तिल्दा मोजे विणत होती. "तू धुवायचं नावच काढू नकोस बाई," ती म्हणाली, आणि लेम्पीला क्षणभर वाटलं की ही हसतेय. मग तिल्दाने सुया मांडीवर ठेवल्या. "विरजण आहे. तयार आहे. पण ते तुझ्या हातात देणार नाही. ज्या तोंडाने मला चोर म्हटलं त्या तोंडाने मागावं. मनूकरवी नाही, सुनेकरवी नाही."

लेम्पीने हे येऊन सांगितलं. सेराफिना बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. पण सालं जाड जाड निघायला लागली.

तिल्दाने काही वावगं मागितलं होतं का? नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. गोळा मागायला तोंड उघडायचं म्हणजे लाकडांचं सांगायला हवं. ते न सांगता घेतला तर चोर कोण, याचं उत्तर ती स्वतःलाच काय देणार? आणि सांगायचं तर मेलेल्या नवऱ्याला चव्हाट्यावर आणायचं, सहा वर्षं माहीत असून गप्प बसले हेही कबूल करायचं. नाही मागितलं तर आई कायमची गेली. लेम्पीच्या पोटी उद्या मुलगी झाली तर तिला द्यायला काय, एक स्वच्छ काथवट. सबंध आठवडा सेराफिनाने साच्यांवर हाच विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचे दोन धोटे एकाच दिवशी अडकले. मुकादमाने नुसतं बघितलं, आणि तिला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

शुक्रवारी भोंगा होऊन ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात मनू नव्हता. पाटलोणी पोचवायला गेला होता. हेता पोरांना घेऊन नदीवर. लेम्पी आणि याल्मारी अजून यायचे होते. आणि चुलाणाशी तिल्दा एकटी. तिने दूध ठेवलं होतं आणि पाठ वळवून फळीवरची भांडी लावत होती.

सेराफिनाने चुलाणाच्या आपल्या तोंडात लाकूड सारलं. कॉफीचं भांडं ठेवलं. शेजारी दुधाला साय धरली, साय हलली, कडा वर यायला लागल्या. सेराफिनाने सवयीने खिडकीकडे बघितलं. खिडकीत मनूची रिकामी चौकी. दूध काठाशी आलं.

"तिल्दे, दूध!"

साचेखात्यातला आवाज. फळीवरची भांडी वाजली. तिल्दा वळली आणि तिने भांडं उतरवलं. एक थेंब सांडला नाही. नऊ वर्षांनी तोंड उघडलं, ते आता बंद करून पुन्हा उघडायचं बळ आपल्यात नाही, हे सेराफिनाला कळलं.

"लाकडं कुस्ताने नेली होती," ती म्हणाली. "न्हाणीवालीकडे. बियरसाठी. त्याच्या मातीच्या दिवशी मला कळलं. सहा वर्षं झाली. मी तुला सांगितलं नाही."

तिल्दाने दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कुस्ता नेतो ते. त्याच हिवाळ्यात. कोठाराच्या दाराशी मी त्याला समोरासमोर गाठलं होतं. कवळभर लाकडं हातात, आणि ऐनो गेल्यापासून रोज प्यायचा तसा प्यायलेला. माझ्या पाया पडायला लागला, फिनाला सांगू नकोस म्हणून."

"म्हणजे मी तुला चोर म्हटलं तेव्हा तुला..."

"तेव्हा माहीत होतं."

सेराफिनाचा आवाज पुन्हा चढला. "आणि तू गप्प राहिलीस? चार माणसांत? अगं, एक शब्द बोलायचास!"

"काय बोलायचं होतं?" तिल्दा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. "तुझी पोर जाऊन तीन आठवडे झाले होते. तू जेवत नव्हतीस, रडत नव्हतीस. त्या दिवशी पहिल्यांदा ओरडलीस. मला वाटलं, ओरडू दे. कोणावर तरी ओरडल्याशिवाय ही जगायची नाही. मी जवळ होते. त्यात वर नवऱ्याचं सांगून तुला कुठे ढकलायचं होतं?" तिने झाकण सरळ केलं. "पण ते दुसरं बोललीस ना, स्वतःचं काही नसतं ते, ते लागलं. ऐनो काही माझी कोणी नव्हती असं नाही. म्हणून मग मीही बोलले नाही. मनात म्हटलं, येईल आपणहून. मग सवय होऊन गेली."

सेराफिना रडली. उभ्याने, आवाज करून, नऊ वर्षांपूर्वी रडायची राहिली होती तशी. तिल्दाने तिला जवळ वगैरे घेतलं नाही. आमुरीत तसली पद्धत नाही. तिने सेराफिनाची कॉफी उतरवली, कारण ती आता करपायला आली होती, बशीत ओतली, साखरेचा खडा बाजूला ठेवला आणि बशी तिच्या पुढ्यात सरकवली.

कॉफी पिऊन झाल्यावर सेराफिनाने नाक पुसलं. "तिल्दे, तुझ्या विरजणातलं मूठभर देशील?"

"माझं कुठलं ते!" तिल्दा वाकली आणि बाकाखालून काथवट ओढली. "तुझ्या आईचं आहे. मी नुसती धुतली नाही."

तिने झाकण काढलं आणि तो वास आला. सेराफिनाने डोळे मिटले. ओरिवेसीचं घर, आईची पिठाने भरलेली मनगटं, सगळं त्यात होतं. तिल्दाने मूठभर गोळा काढला आणि त्या पांढऱ्याधोप काथवटीत थापला, सोळा वर्षांपूर्वी सेराफिनाने थापला होता तसाच, तळहाताने, जोरात.

मनू परत आला तेव्हा दोघी बटाटे सोलत होत्या, एकाच टोपल्यातले. तो दारातच थांबला. "म्हणजे पोस्टखातं बंद झालं म्हणायचं," तो म्हणाला. "कॉफी तरी चालू ठेवाल ना?"

"बस खाली, वाचाळ कुठला," तिल्दा म्हणाली, आणि मनूने तिचं असं थट्टेचं बोलणं ऐकून किती वर्षं झाली ते मोजायचा प्रयत्न केला.

पुढच्या शनिवारी रोट झाले. पीठ लेम्पीने मळलं. सेराफिना बाजूला उभी राहून तिला बोलत होती आणि तिल्दा सेराफिनाला बोलत होती की पोरीला बोलू नकोस. मळून झाल्यावर लेम्पीने काथवट खरवडली, उरलेला थर कडांना तसाच राहू दिला आणि ती स्वतःच्या हाताने बाकाखाली सरकवली.

भट्टीतून पहिला रोट निघाला. सेराफिनाने तो फडक्यात धरून कड मोडली. वाफ आली. कड तिने मधोमध मोडली आणि अर्धी तिल्दाच्या तळहातावर ठेवली.

"ऐनोची," ती म्हणाली.

नऊ वर्षांत त्या स्वयंपाकघरात सेराफिनाने ते नाव घेतलं नव्हतं. तिल्दाने कड तोंडात घातली आणि सावकाश चावली.

"ऐनोची," ती म्हणाली, आणि दोघी चुलाणाशी जरा सरकून उभ्या राहिल्या, मधे एका पोरीपुरती जागा ठेवून.